वरातीला सूट आहे, तारक्काला नाही

दिगू,

परवा मंडळाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. बरं झालं तू नव्हतास. एकानं तुला अजातशत्रू म्हटलं. लेका, तू आणि अजातशत्रू! बस कंडक्टरपासून कारखान्याच्या जनरल मॅनेजरपर्यंत, तू नियमावरून ज्याच्याशी भांडला नाहीस असा एक जरी माणूस बंगळुरात असेल, तर तुझ्या वाट्याला तो आला नाही एवढंच. दुसऱ्यानं तुला मितभाषी म्हटलं. मग अध्यक्ष म्हणाले, "आता विनायकराव दोन शब्द बोलतील." मी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा आतून काही आलंच नाही. लोकांना वाटलं, दुःख. दुःख होतंच रे. पण तुझी पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती, मी काही फेकलं असतं तर मध्येच अडवायला कुणी नव्हतं. अडवणाराच नसेल तर फेकण्यात काय राम आहे?

म्हणून मंडळाच्या अंकात लिहितोय. हल्ली पुण्या-मुंबईहून कंप्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेली मंडळीही अंक वाचतात. त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की तू आमच्या सरकारी कारखान्यात कायदा खात्याचा अधिकारी होतास, मी टेस्टिंगमध्ये होतो, आणि जयनगरच्या तुझ्या घरात तू आणि तुझी थोरली बहीण तारक्का अशी दोघंच राहत होतात. बाकी जन्म, शिक्षण, पदं वगैरे अध्यक्षांनी सांगितलंय, त्यातलं निम्मं चुकीचं सांगितलंय, तू त्यांना वरून दुरुस्तीची सूचना पाठवशीलच. मला फक्त आपल्या भांडणाबद्दल बोलायचंय. ते अर्ध्यात राहिलं, आणि तू उत्तर न देता निघून गेलास. हे तुझ्या स्वभावात बसत नाही.

तारक्काचे डोळे गेले तिथून सगळं सुरू झालं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. तिच्या वाचनाबद्दल मी सांगायचो, की वाचनालयवाले नवीन पुस्तक आलं की आधी तिला विचारत, की हे ठेवू का. काचबिंदूनं दृष्टी हळूहळू गेली, आणि शेवटी भिंगाखाली धरलेली एक जाडजूड कादंबरी अर्ध्यावर राहिली. नदीकाठच्या गावातल्या एका शाळामास्तरांची गोष्ट होती ती. तू एका रविवारी माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "विन्या, तुझ्या घशाचा देवानं एवढा गैरवापर करून घेतलाय, आता थोडा सदुपयोग कर."

माझा आवाज म्हणजे काय, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. जयनगरात मी 'श्री गणेशाय नमः' म्हटलं तर महादेवपुऱ्यात लोक नारळ घेऊन बाहेर यायचे. तुझ्या स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर ठेवला. मागे कुकर, बाहेर रिक्षा, समोर तारक्का हात मांडीवर ठेवून बसलेली, आणि शेजारी तू, दुसरी प्रत उघडून, ओळीवर बोट ठेवून. मी म्हटलं, "हे बोट कशाला?" तू म्हणालास, "तू आहेस म्हणून."

दोन रविवार मी सज्जनासारखं वाचलं. तिसऱ्या रविवारी मास्तर नदीकाठानं चालू लागले. लेखकानं त्यांना चार पानं नुसतंच चालवलं होतं. मला त्या माणसाची दया आली. मी वाघ आणला.

"हे पान कुठलं?" तू.

"चाळीसच्या पुढचं."

"चाळीसच्या पुढं एकेचाळीस आहे. वाघ नाही."

"नदी आहे, झाडी आहे, संध्याकाळ आहे. वाघ असायला काय हरकत आहे?"

"अय्यो, असू दे की रे दिगू," तारक्का म्हणाली, "स्वल्प वाघ!"

"अक्का, त्या माणसानं दहा वर्षं खपून वाघ न आणता पुस्तक लिहिलंय. वाघ न आणणं हासुद्धा लेखकाचा हक्क आहे. कायद्यात आहे. त्याच्या लिखाणाची मोडतोड करून त्याच्या नावाला बट्टा लावता येत नाही."

"माझ्या वाघानं बट्टा लागतो?"

"तुझा वाघ मास्तरांशी मोडी लिपीबद्दल बोलतोय, विन्या!"

टेप चालूच होती. हे सगळं तिच्यात गेलं. तुला ते पुसून पुन्हा वाचून घ्यायचं होतं, तारक्कानं हात लावू दिला नाही.

मग गावभर झालं. तारक्काला पुस्तक ऐकायला मिळतं हे कळल्यावर दृष्टी नसलेले आणखी मराठी लोक विचारायला लागले. एक निवृत्त पोस्टातले गृहस्थ, एक गाणं शिकवणाऱ्या बाई. सगळ्यांचं मागणं एकच, की एक कॉपी द्या. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे आणि मधे वायर जोडायची. माझ्या दृष्टीनं हा तासाभराचा प्रश्न होता. तुझ्या दृष्टीनं तो सगळ्या जगाचा प्रश्न होता.

तू म्हणालास, "तारक्का माझ्या घरातली. तिच्यासाठी वाचून घेणं हा खासगी वापर, त्याला कायद्यात सूट आहे. कॉप्या करून वाटणं, त्याला नाही."

"आंधळ्या माणसांसाठी? फुकट? तरी नाही?"

तेव्हा तू स्वयंपाकघरातली पिठाची चाळण उचललीस आणि मला जे समजावलंस, ते मी पुढं इतक्यांदा इतक्या लोकांना सांगितलं की आता कुणी विचारलं तर बर्न हे माझं आजोळ आहे असंच वाटावं. लेखकाचा हक्क लेखकाचा, हे देशादेशांनी मिळून बर्नच्या करारात कबूल केलंय. पण त्याच करारात देशांना मोकळीकही ठेवलीय, की तुमच्या घरच्या कायद्यात नक्कल करायला काही सवलती ठेवायच्या तर ठेवा, फक्त सवलत तीन चाळण्यांतून खाली आली पाहिजे. ती ठरावीक, खास कारणापुरती हवी, सरसकट नको. पुस्तकाच्या नेहमीच्या विक्रीच्या ती आड येता कामा नये. आणि लेखकाचं गैरवाजवी नुकसान होता कामा नये. नव्या व्यापार करारानं तर त्याच चाळण्या सगळ्याच सवलतींना लावल्यात.

"आता तारक्काची टेप चाळ," तू म्हणालास.

मी चाळली. कारण खास आहे का? ज्यांना छापलेलं दिसत नाही त्यांच्यापुरतंच. विक्रीच्या आड येते का? मराठी कादंबरीची टेप विकतंय कोण! लेखकाचं नुकसान? ही माणसं छापील पुस्तक घेणारच नव्हती. "गेली की रे तिन्ही चाळण्यांतून! पीठ मैद्यासारखं पडलं. लाव वायर."

"नाही लावायची. करार एवढंच म्हणतो, की इथं दार ठेवायला हरकत नाही. दार करायचं काम आपल्या संसदेचं. आपल्या कलम बावन्नमध्ये सवलतींची लांबलचक यादी आहे. कोर्टाच्या कामाला आहे, प्रश्नपत्रिकेला आहे, समीक्षेला आहे, वाचनालयाला आहे. हे दार त्यात नाहीच."

"म्हणजे जागा सोडलीय आणि गवंडी आला नाही."

"बरोबर."

"मग मी खिडकीतून जातो."

"तू जा. तुला सवय आहे. तारक्कानं का खिडकीतून जावं?" तू आवाज चढवला नाहीस, तो तू कधीच चढवत नसस, म्हणून तर तुझ्याशी भांडण म्हणजे छळ. "चोरून आणलेलं पुस्तक दारं लावून ऐकावं लागतं, विन्या. तिनं आयुष्यभर पुस्तकं उजेडात बसून वाचलीत. मला तिच्यासाठी सूट हवीय, दया नकोय."

तुझं हे वाक्य मला तेव्हा पुस्तकी वाटलं होतं.

आणि मग तुला कायद्यातली नवी सुधारणा वाचायला मिळाली. दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये तू माझ्यासमोर ताट ठेवलंस आणि हसत सुटलास. तू हसतोस हे बघून स्वयंपाकी बाहेर आला, कँटीनचं मांजर टेबलाखाली गेलं. सुधारणेत आता धार्मिक समारंभाला सूट दिली होती, तिथं कुणाचंही गाणं वाजवा, कुणाचंही लिखाण सादर करा. आणि खाली स्पष्टीकरण होतं, की समारंभात लग्नाची वरातही धरायची.

"वरातीला सूट आहे!" तू डोळे पुसत म्हणालास. "बँडवाल्याला सूट आहे, घोड्यापुढं नाचणाऱ्याला सूट आहे, आणि तारक्काला नाही!"

मला तर साक्षात वाट दिसली. "दिग्या, उठ. वरात काढू. तू घोड्यावर. मागं मी लाउडस्पीकर घेऊन कादंबरी वाचतो, जयनगर चौथ्या ब्लॉकपासून सुरू, संपेपर्यंत वरात थांबायची नाही. म्हैसूर आलं तरी चालेल. आपले सगळे श्रोते वऱ्हाडी."

"वरात खरीखुरी पाहिजे. कायद्यात तसा शब्द आहे. नाटकी चालत नाही."

"मग खरंच लग्न कर!"

तू भातात ताक कालवत राहिलास. मग म्हणालास, "एका कादंबरीसाठी मुलगी कोण देईल रे?" आणि पुन्हा हसलास. त्या हसण्यात मांजर टेबलाखालून बाहेर आलं, एवढं ते वेगळं होतं. मी पुढं काही विचारलं नाही. आपण वीस वर्षं एकमेकांच्या डब्यात हात घातला, पण त्या बाबतीत मी कधी काही विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. विचारायला हवं होतं का? आता कुणाला विचारू, की विचारायला हवं होतं का?

कुणी म्हणेल, सरळ परवानगी का नाही मागितली? मागितली की! लेखक वारलेले, वारस चौघे, आणि चौघे एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला म्हणाला धाकट्याला विचारा, धाकटा म्हणाला बहिणीला विचारा, बहीण म्हणाली त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलंय ते आधी सुरू करायला सांगा. तू त्यांचा समेट घडवायलाही निघाला होतास. मी अडवलं.

शेवटी वाट तूच काढलीस, आणि तीही त्याच कलमातून. हौशी मंडळानं, फुकट आलेल्या श्रोत्यांपुढं, एखादी साहित्यकृती प्रत्यक्ष सादर केली तर त्याला सूट आहे. टेप वाटता येत नाही ना? मग दर रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये विनायकराव ती कादंबरी तोंडानं वाचतील, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. हॉल खचाखच भरायचा. चौदा माणसं.

पण 'फुकट' या शब्दानं तू आमचा जो छळ केलास! तिकीट नाही, ते ठीक. देणगीची पेटी हॉलमधून बाहेर. पोस्टातल्या गृहस्थांनी एकदा श्रद्धेनं केळ्यांचा घड आणला, तो तू त्यांच्या पिशवीत परत घातलास, की श्रोत्यानं काही दिलं तर तो फुकटचा श्रोता राहत नाही. ते बिचारे पुढचे दोन रविवार रुसून आले नाहीत. अख्ख्या दक्षिण भारतात केळी नाकारणारी आपली एकमेव संस्था असेल. तारक्कानं माझ्यासाठी डब्यातून उपमा आणला, तर तू म्हणालास, "अक्का, श्रोत्यानं वाचणाऱ्याला खायला घालायचं नाही."

"आणि मी तुला रोज घालते ते रे?"

"मी वाचत नाही. मी बोट ठेवतो."

"सरी. बरं, मग बोटानंच जेव आज."

हॉल एवढा हसला की शेजारच्या कन्नड कुटुंबातली आजी काय झालं म्हणून खिडकीशी आली, आणि पुढच्या रविवारपासून एक अक्षर समजत नसताना येऊन बसू लागली. पंधरा माणसं.

सुनंदाचा फोन आला तो याच दिवसांत. सुनंदा नागपूरची. जन्मापासून दिसत नाही. इथं पार व्हाइटफील्डच्या बाजूला एका दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर. बाहेरून एम. ए. मराठी करत होती आणि आपली कादंबरी तिला अभ्यासाला होती. रविवारी तिची ड्युटी, वाचनाला येता येत नव्हतं. तू फोन घेतलास तेव्हा मी शेजारीच होतो, आणि तिचा आवाज माझ्यासारखाच, रिसीव्हरची गरज नसलेला.

"एक कॉपी द्या नं जी. मी काय पुस्तक पळवून नेऊन राहिली का?"

"कॉपी देता येत नाही, बाई. तुम्ही आमच्या घरी या. ताई आहेत, टेप आहे, बसून ऐका. कधीही या."

"दोन बस बदलून, ड्युटी सुटल्यावर, अंधारात? अंधाराचं मला काही नाही जी. बसमधल्या लोकांचं आहे."

तू मग म्हणालास, "मी दिल्लीला लिहिलंय. कायद्यात कलम यावं म्हणून."

"कधी येईल?"

"येईल."

"माह्या परीक्षेच्या आधी?"

तू म्हणालास, "मला खोटं बोलता येत नाही," आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ रिसीव्हरवर हात तसाच ठेवून बसलास.

तू दिल्लीच्या खात्याला सूचना पाठवली होतीस, हे खरंच. टाइप करून, तिन्ही चाळण्या लावून, शेवटी कलमाचा मसुदा स्वतः लिहून, की ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही अशांच्या उपयोगासाठी, नफा न घेता, अशी प्रत करणं हा हक्कभंग समजू नये. दोन ओळी. त्या दोन ओळींत बसावं म्हणून तू दोन महिने शब्द काढत होतास. मला शब्द घालायची सवय, तुला काढायची, म्हणून जमलं आपलं.

सुनंदाच्या फोननंतर दोनेक दिवसांनी आपण दर्शिनीत उभ्यानं कॉफी पीत होतो. मी म्हटलं, "तिला दे कॉपी. तिचा खासगी वापर आहे."

"एकीचा खासगी वापर. उद्या पोस्टवाल्यांचा खासगी वापर, परवा गाण्याच्या बाईंचा. सगळ्यांचा खासगी वापर मिळून काय होतं? प्रकाशन."

"दिग्या, तुझं दार होईपर्यंत ती पोरगी आजी होईल. आणि तू चौकट धरून तिथंच उभा असशील, नियम सांगत."

तू कपात निम्मी कॉफी ठेवलीस आणि गेलास. कॉफी टाकणारा माणूस तू नव्हेस. रविवारी आलास, शेजारी बसलास, ओळीवर बोट ठेवलंस, पण माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मी दोनदा मुद्दाम एकेक वाक्य पदरचं घातलं. तू बोट उचललंस, थांबलास, पुन्हा ठेवलंस. अडवलं नाहीस. त्या रविवारी मी फार वाईट वाचलं.

आणि बुधवारी तुझं हृदय थांबलं. टेबलावर फाइल उघडी असताना.

तू बरोबर होतास असं मी आजही म्हणणार नाही, तू खूश होऊ नकोस. कायद्याची वाट बघणं आणि माणसाची वाट बघणं यात माणसाची गाडी आधी सुटते. पण मला हेही सांगायचं होतं, की लोकांना वाटतं मी तारक्कासाठी वाचत होतो, श्रोत्यांसाठी वाचत होतो. मी वाचत होतो ते तुझं बोट शेजारी होतं म्हणून. वाघ आणायचा तो तू हाकलावास म्हणून. एवढं साधं मराठी वाक्य, मला वीस वर्षांत बोलता आलं नाही. एवढ्या मोठ्या आवाजाचा काय उपयोग?

तेराव्यानंतर सुनंदा आली. दवाखान्यातली एक मैत्रीण सोबत घेऊन, सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या बसनं. तारक्कानं टेप लावली. पहिल्यांदा कुकरची शिट्टी आली, मग माझा आवाज, मास्तर नदीकाठानं चालायला लागले, वाघ आला, आणि मग तू.

"हे पान कुठलं?"

सुनंदा दचकली. "हे कोण? हेच नं, ते मला फोनवर नाही म्हणाले ते?"

"हो," मी म्हटलं.

"काय गोड भांडून राहिले जी!"

 तारक्कानं बटण दाबून टेप मागं नेली. पुन्हा "हे पान कुठलं?" पुन्हा मागं. दिगू, अख्ख्या टेपमध्ये तू जागोजागी आहेस. पाच-दहा मिनिटांनी खाकरतोस, ओळ सुधारतोस, एकदा 'अक्का, दूध उतू जातंय' म्हणतोस. तू वाचलेलं एक पान नाही, तरी पुस्तकात सगळ्यात जास्त तूच ऐकू येतोस. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

ती जायला निघाली तेव्हा वायर माझ्या खिशातच होती, कोरी कॅसेट पण. मी म्हटलं, "सुनंदा, तासाभरात होईल. घेऊन जा. मी देतो."

ती स्वल्प थांबली. हो, आता माझ्याही तोंडात बसलाय तो शब्द. मग म्हणाली, "नको. त्या दिवशी मला लय राग आला होता त्यांचा. पण इतकी वर्षं मला सगळे 'घे गं बिचारे' म्हणूनच देऊन राहिले. नाही म्हणून पुन्हा माह्यासाठी दिल्लीला लिहिणारा माणूस हा पहिलाच. मी सुट्टीच्या दिवशी इथं येऊन ऐकीन. तुम्ही मला त्यांच्या कागदाचं काय झालं ते सांगा."

काय झालं ते मला कुठं माहीत होतं! मी दिल्लीला फोन करून पाहिला होता, पण त्या खात्याचा टेलिफोन बोर्ड माणसाला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवून शेवटी पुन्हा बोर्डावर आणून सोडतो. सुनंदा म्हणाली, "द्या इकडं फोन." तारक्काच्या फोनचं एसटीडीचं कुलूप काढलं. सुनंदानं नंबर लावला, पलीकडच्या ऑपरेटरशी हिंदीत काहीतरी हळू बोलली, हसली, आणि हात रिसीव्हरवर ठेवून मला म्हणाली, "आमच्यातलाच आहे. तोही बघू शकत नाही. आता लावून देते म्हणाला, तर लावूनच देईल." आणि खरंच, ज्या साहेबांपर्यंत प्रत्यक्ष ब्रह्मदेव पोचला नसता, ते साहेब लाइनवर आले. तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"दिगंबरजी बोल रहे हैं? बेंगलोर से? वो ब्लाइंड रीडर्स वाला सजेशन?"

मी जन्मभर थापा मारल्या, दिगू. वाघ आणले, वराती काढल्या. पण त्या क्षणी मला काही सुचावं लागलं नाही. तोंडून आपोआप गेलं, "जी. बोल रहा हूँ."

आणि मी बोललो. तुझ्यासारखा, आवाज न चढवता. तिन्ही चाळण्या एकापाठोपाठ एक सांगितल्या. एक शब्द जास्त नाही. साहेब ऐकत होते. म्हणाले, सूचना चांगली आहे, कागद इथंच कुठंतरी असेल, पण नवी सही केलेली प्रत पाठवा, पाठवणारा कोण, कुणाच्या वतीनं, हे स्पष्ट लिहा, म्हणजे समितीपुढं ठेवता येईल. आश्वासन देत नाही. मग म्हणाले, "आप ठीक हैं न? आवाज़ थकी हुई है." मी म्हटलं, "ठीक हूँ."

फोन ठेवला.  तारक्का खुर्चीत ताठ बसली होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काय म्हणाले ते दिगूला?"

"कागद पुन्हा पाठवायचाय. सही करून."

"मग?"

"त्याची सही कुठून आणू, अक्का?"

"तुझी कर."

"मग त्यांना सांगावं लागेल ना."

"मग सांग की. मी सगळ्यांना सांगून दमले रे, विनू. एवढं एक तू सांग."

दिगू, बाकी सगळीकडे तुला काढून झालं होतं. कारखान्याच्या हजेरीतून, बँकेतून, रेशनकार्डातून. फक्त दिल्लीच्या त्या टेबलावर तू अजून जिवंत होतास, थकलेल्या आवाजात का होईना ठीक होतास, आणि उत्तराची वाट बघत होतास. मला ते ठेवून द्यावंसं वाटलं. चार दिवस ठेवलंही. कागद गेला नाही तर तू तिथं राहणार होतास, कितीही वर्षं. पण मग सुनंदाही तिथंच राहणार होती, दोन बस लांब.

काल बसून टाइप केलं. तुझ्या दोन ओळी जशाच्या तशा, स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. खाली सुनंदानं फोनवर सांगितलेला तिचा स्वतःचा एक परिच्छेद. खाली तारक्काचा अंगठा नव्हे, सही. तिनं चाचपडत पण पूर्ण सही केली. मग माझी. आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, ते वाक्य, की ही सूचना मुळात करणारे श्री. दिगंबर हे आता हयात नाहीत.

आज सकाळी पोस्टात गेलो. पाकीट पेटीच्या तोंडात घातलं, सोडलं, आणि हात तसाच आत राहिला. मागं रांग होती. माझ्या पाठीमागच्या माणसानं जरा वेळ वाट पाहिली, मग हळूच विचारलं, "आय्ता, सार?"

झालं का, म्हणून विचारत होता.

"आय्तु," म्हटलं, आणि हात बाहेर काढला.